आच आणि माप : कोल्हापूरच्या उद्योगांतील तापमान-नियंत्रण

कोल्हापूरचे नाव निघाले की कोणास गूळ आठवतो, कोणास म्हशीचे दाट दूध आठवते, तर यंत्रव्यवसायातील मंडळींस शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतीव लोखंडाचे सुटे भाग आठवतात. ढेप, दुधाची पिशवी आणि इंजिनाचा सांगाडा या तीन वस्तूंत वरवर पाहता काहीच साम्य नाही. तथापि तिन्हींचा कस एकाच गोष्टीवर ठरतो. ठरलेले तापमान, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या वेळेपुरते मिळाले पाहिजे. गुळासाठी ते सुमारे ११८ अंश सेल्सिअस, दुधासाठी ७२ अंश आणि लोखंडासाठी १४०० अंशांच्या आसपास असते. थोडे इकडे-तिकडे झाले की गूळ चिकट राहतो, दूध नासते, ओतलेला भाग भंगारात जातो.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज अशाच कारखान्यांत काम करतात आणि अनेक पालकांनी गुऱ्हाळाच्या व भट्टीच्या धगीसमोर उभे राहून मुलांचे शिक्षण केले आहे. ज्या आचेवर आपल्या समाजातील इतक्या घरांची चूल पेटली, त्या आचेचे शास्त्र काय आहे, हे सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

उष्णता आणि तापमान

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. उष्णता आणि तापमान हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, परंतु शास्त्रात ते वेगळे आहेत. पेटत्या काडीचे तापमान हंडाभर कोमट पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असते, पण त्या हंड्यात साठलेली उष्णता काडीच्या अनेक पट असते. तापमान म्हणजे वस्तू किती तापली आहे याचे माप, तर उष्णता म्हणजे तिच्यात घातलेल्या किंवा तिच्यातून काढलेल्या ऊर्जेचे माप.

कारखान्यातील सारी अडचण या भेदातून उद्भवते. कारागिराला हवे असते ते ठरावीक तापमान, मात्र त्याच्या हातात असते ती केवळ उष्णता, म्हणजे चिपाड, कोळसा, वाफ किंवा वीज. इंधन आता घातले तर तापमान लगेच वाढत नाही आणि इंधन थांबवले तर ते लगेच उतरत नाही. मधे भांडे असते, विटा असतात, हवा असते आणि प्रत्येकाला तापण्यास व निवण्यास आपापला वेळ लागतो. हा वेळ ओळखून वागणे म्हणजेच तापमान-नियंत्रण होय.

गुऱ्हाळातील शास्त्र

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. त्या पेठेत ढेपेचा भाव ठरे तो तिच्या रंगावर, कणीवर आणि कठीणपणावर. हे तिन्ही गुण काहिलीतल्या शेवटच्या काही मिनिटांत ठरतात.

उसाच्या रसात बहुतांश पाणीच असते. चुलवाणावरच्या काहिलीत रस तापू लागला की भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात व ती काढून टाकतात. त्यानंतर रस उकळू लागतो. शुद्ध पाणी कितीही जाळ घातला तरी आपल्या उकळबिंदूच्या वर जात नाही. साखर विरघळलेल्या पाण्याचे तसे नसते. पाणी उडून जाऊन साखरेचे प्रमाण जसजसे वाढते, तसतसा त्या द्रावणाचा उकळबिंदू वर सरकतो. १०५ अंशांच्या आसपास काकवी हाती येते, तर ११८ अंशांच्या सुमारास ढेप धरील असा पाक तयार होतो.

याचा अर्थ असा की गुऱ्हाळात तापमान पाहणे म्हणजे पाकात पाणी किती उरले ते पाहणे. पाणी मोजण्याचे कोणतेही यंत्र नसताना तापमापीवरचा एक आकडा ते काम करतो. दोन-तीन अंश कमी पडले तर पाणी जास्त उरते, गूळ मऊ राहतो आणि पावसाळ्यात सुटतो. दोन-तीन अंश जास्त झाले तर साखर करपू लागते, रंग काळवंडतो आणि भाव पडतो.

जुना गुळव्या तापमापी वापरत नसे. तो पाकाचे थेंब थंड पाण्यात टाकून त्यांची गोळी बोटांनी दाबून पाही, बुडबुड्यांचा आकार पाही, वासावरून अंदाज घेई. तरीही त्याचे खरे कौशल्य याहून खोल होते. पाक तयार होण्याच्या आधीच तो जाळ थांबवण्यास सांगे. चुलवाणाच्या तापलेल्या भिंतींत साठलेली उष्णता जाळ विझल्यावरही काहिलीला मिळत राहते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. पाक तयार झाल्यावर जाळ थांबवणारा नवशिका ढेप करपवतो आणि तयार होणार हे ओळखून आधी थांबवणारा ती साधतो. पुढे अभियंत्यांनी जे गणिताने मांडले, ते हेच आहे.

तापमापी आणि कोल्हापूरचे उकळते पाणी

डोळ्यांनी व बोटांनी घेतलेला अंदाज दुसऱ्याला देता येत नाही, पण आकडा देता येतो. म्हणून नियंत्रणाचे पहिले पाऊल म्हणजे मोजमाप. आज कारखान्यांत दोन प्रकारची मापके प्रामुख्याने दिसतात. एक म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार, जिचा विद्युत-रोध तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो. शून्य अंशाला तिचा रोध १०० ओहम असतो, म्हणून कामगार तिला ‘पीटी हंड्रेड’ म्हणतात. दुसरे म्हणजे थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे एक टोक जोडून ते तापवले आणि दुसरी टोके थंड ठेवली, तर तारांत अल्पसा विद्युत-दाब निर्माण होतो. या परिणामाचा शोध थॉमस सीबेक याने १८२१ मध्ये लावला. दोनशे वर्षांनंतरही आपल्या औद्योगिक वसाहतींतील भट्ट्या त्याच तत्त्वावर मोजल्या जातात.

मात्र मापकावर आंधळा विश्वास ठेवणेही योग्य नव्हे. धम्मात ‘एहिपस्सिको’ हा शब्द आहे. त्याचा भाव असा की या, स्वतः पाहा, पारखून घ्या. मापकाच्या बाबतीत हीच वृत्ती हवी. पारख अगदी साधी आहे. ठेचलेल्या बर्फात व पाण्यात तापमापी बुडवली तर शून्य अंश दिसले पाहिजे. उकळत्या पाण्यात १०० अंश दिसले पाहिजे, असे पुस्तकात असते. आता शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याने कोल्हापुरात हा प्रयोग केला तर त्याला १०० नव्हे, सुमारे ९८ अंश दिसतील. तापमापी बिघडलेली नसेल आणि विद्यार्थीही चुकलेला नसेल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. समुद्रसपाटीवरचा आकडा खरा मानून जो येथली तापमापी ‘दुरुस्त’ करील, तो चांगले उपकरण बिघडवून ठेवील. काकवी व गुळाचे अंशही याच कारणाने येथल्या उकळत्या पाण्यापासून वर मोजावेत, हे उत्तम.

माणसाकडून शिकलेले यंत्र

मोजमाप झाले, आता नियंत्रण. सर्वांत साधी रीत म्हणजे चालू-बंद. तापमान कमी झाले की उष्णता चालू, जास्त झाले की बंद. घरातील इस्त्री व पाण्याचा गीझर असेच चालतात. या रीतीच्या इतिहासात एका शिक्षकाचे नाव येते, हे आपल्या वाचकांना आवडेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या एका अध्यापन विद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवीत असत. खोलीचे तापमान पाहण्यासाठी शिपायाला वारंवार वर्गात यावे लागे आणि तास मोडे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट तयार केला व १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

चालू-बंद रीतीत तापमान एकसारखे वर-खाली हेलकावे खाते. इस्त्रीला ते चालते, पण गिअरच्या दात्यांना पाणी देणाऱ्या भट्टीला चालत नाही. तेथे ८५० अंश ठरवले असता ८३० ते ८७० असा हेलकावा झाला तर एका खेपेतील नग एकसारखे कठीण होत नाहीत. म्हणून तीन विचार एकत्र करणारे नियंत्रक वापरतात.

पहिला विचार वर्तमानाचा. तापमान जितके कमी, तितकी उष्णता अधिक द्यावी आणि लक्ष्य जवळ येईल तसा हात आखडावा. एवढ्याने हेलकावे कमी होतात, पण भट्टी लक्ष्याच्या किंचित खालीच रेंगाळते. याचे कारण असे की भट्टीच्या भिंतींतून उष्णता सतत बाहेर जात असते. ती भरून काढण्यास काही उष्णता नेहमीच हवी, आणि उणीव शून्य झाली तर हा नियंत्रक काहीच देणार नाही.

दुसरा विचार भूतकाळाचा. आतापर्यंत किती वेळ किती उणीव राहिली, त्याची बेरीज नियंत्रक करीत जातो आणि ती बेरीज वाढेल तशी उष्णता वाढवतो. त्यामुळे रेंगाळणे संपते. परंतु या विचाराला मर्यादा न घातल्यास तो घातकही ठरतो. भट्टीचे दार बराच वेळ उघडे राहिले तर उणिवेची प्रचंड बेरीज साठते. दार बंद झाल्यावर तापमान लक्ष्यापर्यंत येते, तरीही ती साठवण उष्णता ओतीतच राहते व भट्टी लक्ष्याच्या बरीच वर जाते.

तिसरा विचार भविष्याचा. तापमान किती वेगाने चढत आहे, ते पाहून आधीच हात आवरावा. हाच आपल्या गुळव्याचा विचार होय.

या तीन विचारांची एकत्र मांडणी निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये केली. ती भट्टीसाठी नव्हे, तर जहाजाच्या सुकाणूसाठी होती. त्यांनी सुकाणू धरणाऱ्या खलाशांचे निरीक्षण केले. अनुभवी खलाशी केवळ आताची दिशा पाहून चाक फिरवीत नाही. आधी झालेले विचलन आणि जहाज कोणत्या वेगाने वळत आहे, हेही तो ध्यानात घेतो. हे पाहून त्यांनी त्याचे गणित केले. आज कोणत्याही कारखान्याच्या पॅनेलवर जो ‘पीआयडी’ नियंत्रक दिसतो, त्याच्या मुळाशी असा एका कष्टकऱ्याचा हात आहे. यंत्राने माणसाचे कसब हिरावले, असे आपण ऐकतो. येथे यंत्र माणसाचा शिष्य झालेले दिसते, याचीही नोंद असावी.

दूध : ७२ अंश, १५ सेकंद

कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच आपला ‘गोकुळ’, १९६३ मध्ये स्थापन झाला. अशा संघांमुळे एक-दोन म्हशी असलेल्या घरालाही रोजचे उत्पन्न मिळू लागले. पण गावोगावचे दूध एकत्र करणे म्हणजे गावोगावचे जंतूही एकत्र करणे. म्हणून पाश्चरीकरण आवश्यक ठरते.

दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे ठेवले किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवले, तर रोगजंतू मरतात. मोठ्या प्रकल्पांत दुसरी रीत सोयीची असते. दूध पातळ पत्र्यांच्या मधून वाहते व पलीकडून गरम पाणी जाते. तापलेले दूध एका ठरावीक लांबीच्या नळीतून जाते आणि ती नळी पार करण्यास किमान १५ सेकंद लागतील असा वेग राखलेला असतो. पुढे हेच गरम दूध आत येणाऱ्या थंड दुधाला आपली उष्णता देते व स्वतः निवते. त्यामुळे इंधन वाचते. शेवटी त्यास ४ अंशांपर्यंत थंड करतात.

नळीच्या टोकाशी एक झडप असते. तेथे दुधाचे तापमान ठरलेल्या अंशांखाली गेले तर ती झडप दूध पुढे न सोडता मागे वळवते आणि ते पुन्हा तापवले जाते. विशेष म्हणजे वीज गेली किंवा झडपेची हवा गेली, तरी ती आपोआप मागे वळवण्याच्याच स्थितीत येते. जेथे शंका आहे तेथे दूध पुढे जाणार नाही, अशी तिची रचनाच असते. ज्या बाळाच्या वाटीत हे दूध जायचे, त्याला न पाहताही त्याची काळजी घेणारी ही झडप आहे.

भट्टीच्या तोंडाशी

कोल्हापूरचे यंत्रकाम उद्यमनगरातील लहान कार्यशाळांत वाढले. शेतीला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती व निर्मिती करता करता ओतकाम बहरले आणि पुढे ते शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले येथील वसाहतींत पसरले. पूर्वी कोकवर चालणाऱ्या कपोला भट्ट्या होत्या. धातूचा रंग पाहून कारागीर अंदाज बांधी. गडद लाल म्हणजे ७०० अंशांच्या आसपास, नारिंगी-पिवळा म्हणजे हजारावर, पांढरट म्हणजे तेराशेच्या पुढे. आता विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या आहेत आणि लांब दांड्याच्या टोकाशी असलेले थर्मोकपल काही सेकंद रसात बुडवून तापमान घेतात.

ओतीव लोखंड ११५० अंशांच्या सुमारास गोठू लागते. तरीही ते १३५० ते १४०० अंशांवर ओततात, कारण भट्टीतून लॅडलमध्ये आणि लॅडलमधून साच्यात जाताना ते क्षणाक्षणाला निवत असते. फार थंड ओतले तर साच्यात दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकजीव होत नाहीत व भागात न दिसणारी फट राहते. फार गरम ओतले तर वाळू धातूला चिकटते आणि निवताना आत पोकळी पडते. हा भाग उद्या एखाद्या वाहनाच्या ब्रेकमध्ये बसणार असेल, तर त्या फटीची किंमत केवळ पैशांत मोजता येणार नाही.

भट्टीजवळचा सर्वांत मोठा धोका मात्र लोखंड नसून पाणी आहे. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० लिटर जागा मागते. ओलसर भंगार रसात बुडाले किंवा न तापवलेल्या दमट लॅडलमध्ये रस ओतला, तर ते पाणी क्षणात वाफ होऊन वितळलेले लोखंड चहूकडे उडवते. म्हणून लॅडल आधी तापवून कोरडे करणे, पावसाळ्यात भंगार झाकून ठेवणे आणि भट्टीभोवतीच्या नळ्यांतील पाण्यावर सतत लक्ष ठेवणे, ही कामे उत्पादनाइतकीच महत्त्वाची आहेत. ‘घाई आहे, चालवून घ्या’ असे कोणी म्हटले तर तेथे नाही म्हणण्याचे धैर्य असले पाहिजे. हे धैर्य ज्ञानातून येते.

माणसाचे तापमान

या साऱ्या आकड्यांत आणखी एक आकडा आहे, ३७. हे भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचे तापमान होय. शरीरही एक नियंत्रक आहे. ते तापू लागले की त्वचेकडे रक्त वाढते, घाम येतो आणि घाम वाळताना उष्णता नेतो. परंतु हवा दमट व कोंदट असेल तर घाम वाळत नाही, पाणी व क्षार घटतात आणि नियंत्रण ढासळते. भोवळ, बोलण्यात असंबद्धता आणि तापलेली त्वचा ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा माणसास तत्काळ सावलीत नेऊन अंगावर पाणी व वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

लोखंडाचे तापमान दर खेपेला नोंदवले जाते. मग कामगाराभोवतीच्या हवेचे का नोंदवू नये? १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १३ व्या कलमाने कामाच्या जागी पुरेशी हवा खेळती ठेवण्याची आणि कामगाराला सुसह्य होईल असे तापमान राखण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. त्याआधी, १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचे कमाल तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. धगीपुढे उभे राहण्याचे सहा तास कमी होणे म्हणजे काय, हे ज्यांनी ती धग सोसली त्यांना सांगावे लागणार नाही.

नव्या पिढीसाठी

भगवान बुद्धांनी सोण कोळिविस या भिक्खूला वीणेचा दृष्टान्त दिला, तो आपणा सर्वांना परिचित आहे. तार फार ताणलेली असली तर सूर लागत नाही, फार सैल असली तरीही लागत नाही. तापमान-नियंत्रण शिकताना हा दृष्टान्त वारंवार आठवतो. पण त्याचा अर्थ नीट घेतला पाहिजे. मध्यम म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मधला बिंदू नव्हे. गुळाचा योग्य बिंदू वेगळा, दुधाचा वेगळा, लोखंडाचा वेगळा. तो वस्तूचा स्वभाव जाणूनच शोधावा लागतो आणि शोधल्यावर सतत जागे राहून राखावा लागतो.

एकेकाळी असे कसब घराण्यात व जातीत बंद असे. बाहेरच्याने विचारले तर ते सांगितले जात नसे. आकड्याचे तसे नाही. पॅनेलवरचे ८५० हे वाचणाऱ्याची जात विचारीत नाही. ज्याने शिकण्याचे कष्ट घेतले, त्याला ते कळते. मात्र आकडा नुसता वाचता येणे पुरेसे नाही. बटण दाबणारा बदलता येतो. आकडा असा का आला, मापक खरे बोलते का आणि पुढच्या पाच मिनिटांत काय होईल, हे सांगणाऱ्याला बदलणे सोपे नसते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की दहावीनंतर मुलामुलींसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ व ‘फाउंड्रीमन’ यांसारख्या अभ्यासक्रमांचाही गांभीर्याने विचार करावा आणि मुलींना या वाटेवर जाण्यापासून अडवू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखान्यांत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन एखादे जुने थर्मोकपल, एखादा नियंत्रक मुलांच्या हाती द्यावा. हातकणंगले तालुक्यातील ज्या माणगावात मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, त्याच तालुक्यात आज हजारो यंत्रे चालतात. तेथे आपली मुले केवळ धग सोसणारी म्हणून जाऊ नयेत. ती धग मोजणारी, आवरणारी आणि आपल्या शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचीही काळजी वाहणारी म्हणून जावीत.

नमो बुद्धाय, जयभीम!